चपलेएवढी फट

थप्... थप्... थप्.

“हे काय वाजतंय, सायबू?” अप्पांनी विचारलं.

“चिखल आहे, अप्पा. मागचं चाक उडवतंय.”

“कुणावर?”

मी गाडी थांबवली.

ओला चिखल मातीवर पडला तर आवाज येत नाही. भिंतीवर पडला तर वेगळा येतो. कापडावर पडला तर असा येतो. इतकी वर्षं झाली, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मागे रस्त्याच्या कडेला काशव्वा उभी होती. आमच्या गावची परटीण. डोक्यावर धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं. गाठोडं काळं झालं होतं. तिचं तोंडही काळं झालं होतं. फक्त डोळे दिसत होते, आणि ते आमच्याकडेच बघत होते.

अप्पा खाली उतरले. लंगडत तिच्यापाशी गेले. हात जोडले.

“हात नका जोडू, अप्पा,” काशव्वा म्हणाली. “तुम्ही हात जोडता आणि लोक म्हणतात, काशव्वानं सामीला वाकवलं.”

“कुणाची वस्त्रं होती गं?”

“मठाचीच. तुमचीच वस्त्रं, तुमचाच चिखल. मला मधे कशाला घातलं?”

तिनं पदराच्या आतल्या बाजूनं तोंड पुसलं.

“चाकाला काहीतरी बांधा,” ती म्हणाली. “तुम्ही पुढं बघत जाता. मागं आम्ही असतो.”

आणि ती परत ओढ्याकडं वळली, तेच कपडे पुन्हा धुवायला.

अप्पा तिथंच उभे राहिले. मी दार उघडून धरलं होतं.

“या मोटारीचा एक थेंबही कुणावर उडणार नाही, त्या दिवशी मी हिच्यात बसेन,” अप्पा म्हणाले. “तोवर नाही.”

तिथून मठापर्यंत ते चालत आले. मी मोकळी मोटार घेऊन त्यांच्या मागून.

आमचा मठ लहान. माळावर चार खोल्या, एक विहीर, एक लिंबाचं झाड. अप्पा मठाचे स्वामी. वय झालेलं. तळपायाला एक जखम होती, ती भरत नव्हती. रक्तात साखर होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं, “स्वामीजी, यापुढं चालायचं नाही. चाललात तर हा पाय मला वाचवता येणार नाही.”

अप्पा हसून म्हणाले होते, “मला मोटार आहे की.”

होती खरी. एका भक्तानं मठाला दिलेली. पुढं दोन चाकं, मागं एक. कुठल्या तरी हौशी माणसानं ती बनवून पाहिली असावी. पुन्हा तशी मोटार मी कुठं पाहिली नाही. गावात तिला बेडूक म्हणत. मागचं चाक अंगाबाहेर निघालेलं होतं, बेडकाचा पाय निघतो तसं. त्या चाकावरचा मूळचा मडगार्ड गंजून कधीच गळून पडला होता. मी कितीही हळू चालवली तरी ओल्या रस्त्यावर ते चाक मागं कारंजं सोडायचं.

श्रावणात दर सोमवारी अप्पा एका गावाला जात. गाव उपास धरून बसलेलं असे. अप्पा आल्याशिवाय कुणी सोमवार सोडत नसे. त्या रस्त्यांना एस.टी. नव्हती. बैलगाडी होती, पण आमच्यात सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो त्यांच्या विसाव्याचा दिवस. स्वामीनंच तो मोडला तर लोकांनी काय करावं?

म्हणजे सोमवारी एक तर मोटार, नाहीतर पाय.

पुढच्या सोमवारी अप्पा पायी गेले.

मी पाया पडलो. मी म्हणालो, मोटारीला पोतं बांधतो मागं. बांधलंही. मठाच्या फाटकापर्यंत राहिलं, मग चाकात गुंडाळून फाटलं. अप्पांनी ते पाहिलं आणि काठी घेऊन चालू लागले.

संध्याकाळी परत आले तेव्हा पाय सुजून भोपळ्यासारखा झाला होता. पट्टी सोडताना मी दुसरीकडं बघत होतो.

“दुखतंय का, अप्पा?”

“पाय आहे. दुखणारच.”

पाय धुतलेलं पाणी लालसर झालं.

मी ते पाणी झाडाला घातलं नाही. लांब नेऊन ओतलं. येताना रेवण वाटेत उभा होता.

“सायबण्णा,” तो म्हणाला, “येत्या सोमवारच्या आत मी मडगार्ड बसवतो.”

रेवण हा अप्पांचा शिष्य. जंगमाचा पोरगा, म्हणून गाव त्याला अय्या म्हणे. ऐन जवानीतला. सोलापुरात एका कारखान्यात पत्र्याचं काम करायचा. एके दिवशी सगळं सोडून मठात आला आणि अप्पांना म्हणाला, मला शिष्य करून घ्या. अप्पांनी त्याला ना हो म्हटलं, ना नाही. राहा म्हणाले. तो राहिला.

हात मात्र त्याचा सोन्याचा. मठाची दारं त्यानं बसवली. बंद केली की उजेडाची रेघ आत येत नसे. धान्याची पत्र्याची कोठी केली. मुंगी शिरत नसे. काम झालं की तो अप्पांना बोलावून दाखवायचा आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा.

अप्पा बघायचे. मान हलवायचे. निघून जायचे.

“एकदा म्हणाले असते चांगलं झालं, तर काय गेलं असतं त्यांचं?” असं तो मला एकदा म्हणाला होता. मला वाईट वाटलं होतं. मी त्याला गूळ-शेंगदाणे दिले. दुसरं माझ्यापाशी काय होतं?

त्या आठवड्यात मठात फक्त मडगार्डाचं काम चाललं.

घासलेटाचा एक जुना ड्रम पडून होता. रेवण म्हणाला, “ह्याला मुळातच गोलाई आहे. चाकाला हीच हवी.” छन्नीनं त्यानं ड्रम उभा कापला. कडा धारदार राहू नयेत म्हणून काठात तार घालून काठ वळवला. हातोडीचा ठोका असा की पाऊस पत्र्यावर हलका पडावा. मग लोखंडी पट्ट्या घेतल्या. मडगार्ड मोटारीच्या अंगाला धरून ठेवायला. पट्ट्या सरळ ठेवता आल्या असत्या. पण त्यानं भट्टी पेटवली, पट्ट्या लाल केल्या आणि एकेका पट्टीला दोन वाक दिले. हंसाच्या मानेसारखे.

अप्पा लिंबाखाली बाजेवर पाय लांब करून बसलेले असत. बघत.

काशव्वा ओढ्यावर जाता-येता फाटकापाशी थांबायची.

“अय्या, काय करायलाव? पाळणा?”

“मडगार्ड आहे, काशव्वा.”

“आणि ह्या माना कशाला? चिखलाला दाखवायला?”

“काम करायचं तर दिसायला नीट नको?”

“मी कपडे धुते. दिसायला नीटच असतात. मग तुमची मोटार येते.”

अप्पा बाजेवर हसले. रेवण हसला नाही. त्यानं पट्टी पुन्हा भट्टीत घातली आणि वाक आणखी सुबक केला.

मडगार्ड बसवायच्या दिवशी त्यानं मला चाक धरायला लावलं. पत्रा चाकावर ठेवला, सरकवला, पुन्हा सरकवला. नट आवळले. मग चाक हातानं फिरवलं. चाक फिरलं. पत्र्याला घासलं नाही. पण दोघांच्या मधे दोरा जाईल एवढीच जागा.

अप्पा काठी टेकत आले. वाकून बघितलं.

“रेवण.”

“अप्पा.”

“मधे जागा किती आहे?”

“बोट जाणार नाही.”

“एवढी कमी का?”

“जागा असली की चिखल निसटतो, अप्पा.”

अप्पांनी पत्र्यावरून हात फिरवला. रेवण त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

“मला लोखंडातलं कळत नाही,” अप्पा म्हणाले. “एक थेंबही उडणार नाही ना?”

“एक थेंबही नाही.”

“बरं.”

तेवढ्यात काशव्वा फाटकातून आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं गाठोड्यातून एक पांढरं धोतर काढलं, झटकलं आणि मोटारीच्या मागं दोन्ही हातांनी पसरून धरलं.

“चालवा,” ती मला म्हणाली. “मी धोतर धरून आहे. बघू अय्याचा हात.”

रेवणनं माळावर घागरी ओतल्या. मुरमाची जमीन, तांबडं पाणी झालं. मी मोटार त्या पाण्यातून नेली, परत आणली, पुन्हा नेली. काशव्वा धोतर धरून मागून धावत होती.

थांबलो. तिनं धोतर उन्हात धरून उलटसुलट बघितलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “ठिपकासुद्धा न्हाई.” मग रेवणकडं बघून म्हणाली, “अय्या, हात चांगला आहे तुमचा.”

रेवण अप्पांकडं बघत उभा राहिला...

अप्पांनी मान हलवली आणि बाजेकडं गेले.

“सोमवारी मी पण लेकीकडं जायलेय,” काशव्वा मला म्हणाली. तिची लेक त्याच गावात दिलेली, जिथं अप्पा जाणार होते. “पहाटेच निघते. तुमच्या मागं राहायचं नको, पुढंच बरं.”

आता एक गोष्ट सांगतो. आमच्या भागात काळी माती. पावसाळ्यात ती पायाला धरली की सोडत नाही. चार पावलं टाकली की पाय हत्तीचा होतो. म्हणून माणसं चपला हातात घेऊन चालतात. सायकलवाले पावसाळा लागला की मडगार्ड काढून घरी ठेवतात. नाही काढला तर कमरेला एक काटकी खोचतात, मधली माती उकरायला. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रेवणला ठाऊक होतं. मला होतं. अप्पांनाही होतंच.

पण आमची तपासणी झाली मठाच्या माळावर, मुरमात. आणि ते धोतर इतकं पांढरं राहिलं होतं की कुणाला काळ्या मातीची आठवणच झाली नाही.

सोमवारी अप्पा मोटारीत बसले.

मी दार लावलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी उगाच दोनदा भोंगा वाजवला. अप्पांनी पाय उचलून सीटवर घेतला. रेवण मागं बसला. खिडकीतून सारखा डोकं बाहेर काढून मागच्या चाकाकडं बघत होता.

“काही उडतंय का?” अप्पांनी विचारलं.

“काहीच नाही, अप्पा. रस्ता कोरडा राहतोय मागं.”

माळ संपेपर्यंत असंच चाललं.

माळ संपला. काळी सुरू झाली.

थोडं अंतर गेलो आणि मोटार जड झाली. चढ नसताना चढ असल्यासारखी. मग रबराचा वास आला. मग इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं.

आम्ही उतरून बघितलं. चाक आणि पत्रा यांच्यामधे माती भरली होती. भरली कसली, ठोकून बसवल्यासारखी. विटेसारखी. चाक फिरायचं नावच नको.

रेवणनं बोटं घातली. बोटं जाईनात. बाभळीची काटकी आणली. ती मोडली. दुसरी आणली. मातीचे तुकडे निघायला लागले, पत्र्याच्या आतल्या बाजूचा आकार घेतलेले. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

“सुरू करा, सायबण्णा.”

सुरू केली. एखादं शेत ओलांडलं असेल. पुन्हा तेच. पुन्हा काटकी. पुन्हा तेच.

सूर्य वर आला. तिकडं गाव उपाशी होतं.

तिसऱ्या की चौथ्या वेळी रेवणनं काटकी फेकली. पाना घेतला. नट सोडायला लागला.

“काय करतोस?” अप्पांनी आतून विचारलं.

“काढून फेकतो. मोटार तरी चालेल.”

अप्पांनी दार उघडलं. आधी काठी बाहेर आली. मग चांगला पाय. मग पट्टीचा पाय. चपला त्यांनी पायातून काढून हातात घेतल्या आणि चिखलातून चालू लागले.

पांढरी पट्टी मातीत गेली. वर आली तेव्हा पांढरी नव्हती.

रेवण धावला. त्यांच्यापुढं आडवा उभा राहिला.

“अप्पा, पाय...”

“मडगार्ड काढलास तर मी मोटारीत बसत नाही. ठेवलास तर मोटार चालत नाही. मग पायच राहिला.”

“डॉक्टर काय म्हणाले ते सायबण्णांनी सांगितलंय मला. पाय जाईल, अप्पा.”

“हं.”

“मग बसा की मोटारीत. उडाला चिखल तर उडाला. मी पुढं धावत जातो, लोकांना बाजूला करतो.”

“किती जणांना?”

मी मोटारीपाशी उभा होतो. मला वाटलं, आता रेवण रडेल. तो रडला नाही. तिथंच चिखलात बसला, अप्पांच्या वाटेत.

“मी एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही,” तो म्हणाला. “धोतरानं बघितलं तुम्ही. एक थेंब नाही. माझ्या कामात काय खोट आहे, अप्पा? सांगा मला. सांगत का नाही तुम्ही कधी?”

अप्पा उभे होते. काठीवर भार देऊन.

“बाहेर गेला नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग गेला कुठं?”

“आतच...”

आणि तो थांबला.

...

टिटवी ओरडत होती कुठंतरी. रेवणनं मान वळवून मोटारीच्या चाकाकडं बघितलं. मग आपल्या हातांकडं.

अप्पांनी हातातल्या चपलांपैकी एक त्याच्या मांडीवर ठेवली.

जाड चपल होती. जखमेला टोचू नये म्हणून आमच्या चांभारानं तळाला चामड्याचे थर लावून केलेली. रेवणनं चपलेकडं बघितलं. वर अप्पांकडं बघितलं.

अप्पांनी काठीनं चाकाकडं दाखवलं. मग चपलेकडं.

“एवढी?” रेवण म्हणाला.

“एवढी.”

“एवढी फट ठेवली तर अडकणार नाही. पण शिंतोडे निसटतील, अप्पा.”

“निसटतील.”

“थोडे का होईना, उडतील कुणावर तरी.”

“उडतील.”

“मग तुमचा शब्द? एक थेंबही नको म्हणालात.”

अप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, पाय दुखतोय. काठीवरचे त्यांचे हात पांढरे पडले होते. एवढा वेळ मी त्यांना कधी उत्तर शोधताना बघितलं नव्हतं...

“तोही सैल कर,” अप्पा म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांना उचलून मोटारीत बसवलं. बसले. नाही म्हणाले नाहीत.

“थांब. अजून निघू नको,” ते मला म्हणाले. “त्याचं होऊ दे.”

पत्रा वर सरकवायचा तर पट्ट्या लांब हव्या होत्या. रेवणकडं जादा पट्टी नव्हती. भट्टी नव्हती. त्याच्याकडं पाना होता आणि रस्त्याकडेचा धोंडा होता. तो पट्ट्यांकडं बघत उभा राहिला. मलाही कळलं, काय करायचं ते. लांबी त्या वाकांतच होती.

“सायबण्णा, धरता का?”

मी पट्टी एका दगडावर धरली. त्यानं धोंडा उचलला. पहिला घाव घालायच्या आधी अंगठा वाकावरून एकदा फिरवला. मग घातला.

हंसाची मान सरळ झाली. सरळही धड नाही, ठेचलेली. दुसरी तशीच. एकेक करत सगळ्या. पोलाद नव्हतं ते, साधं लोखंड. ऐकलं बिचारं.

पट्ट्या लांब झाल्या. रेवणनं चाकावर अप्पांची चपल ठेवली, चपलेवर पत्रा ठेवला आणि नट आवळले. चपल ओढून काढली. फट तेवढी राहिली.

आता तो मडगार्ड मोटारीवर असा बसला होता जसा पावसात कुणी घाईघाईनं डोक्यावर परात धरावी. रेवण त्याच्याकडं बघतच नव्हता. चपल आपल्या धोतरानं पुसत होता.

अप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वळून बराच वेळ बघितलं.

“चांगलं झालं, रेवण,” ते म्हणाले.

रेवणनं झटकन वर बघितलं. अप्पा थट्टा करतात की काय, असं त्याला वाटलं असावं. अप्पा थट्टा करत नव्हते.

त्यानं मान खाली घातली. चपल पुसायला लागला, पुन्हा तीच, जिथं आधीच पुसून झाली होती तिथं.

“तू आत ये,” अप्पा म्हणाले.

“नको, अप्पा. मी मागून चालतो. किती उडतो ते बघतो.”

मी मोटार सुरू केली. काळीतून हळूहळू निघालो. मध्येच माती भरायची, पण जागा होती, ती सुटायची आणि खाली पडायची. धप्प करून ढेकूळ पडे आणि चाक फिरत राही. मोटार जड झाली नाही. रबराचा वास आला नाही. आरशात रेवण दिसत होता, चिखलातून चालणारा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला. मध्येच त्याच्या धोतरावर एखादा शिंतोडा पडे. तो वाकून बघे आणि पुन्हा चालू लागे.

अप्पांचा पाय सीटवर होता, माझ्या शेजारी. मी मधून मधून त्याच्याकडं बघत होतो, जसं निजलेल्या लेकराकडं बघावं.

“समोर बघ, सायबू,” अप्पा म्हणाले. “पाय कुठं जात नाही.”

गावाचं देऊळ दिसायला लागलं तेव्हा पुढं रस्त्याच्या कडेनं एक बाई चाललेली दिसली. चालण्यावरून ओळखलं. काशव्वा. चपला हातात, लुगडं जरा वर धरलेलं. लेकीकडं जायचं म्हणून ठेवणीतलं नेसली होती, हिरवं.

“अप्पा, काशव्वा आहे पुढं. थांबू का?”

अप्पा खिडकीतून पुढं बघत होते.

“ती पुढं जाईपर्यंत थांबतो.”

“चल,” अप्पा म्हणाले. “रोज जातोस तसाच जा.”

मोटारीचा आवाज ऐकून काशव्वा कडेला सरकली. बांधाला टेकून उभी राहिली. मी जितकी हळू घेता येईल तितकी घेतली. तिच्या अंगावरून पुढं गेलो.

“थांब,” अप्पा म्हणाले.

ते उतरले. मी धरायला गेलो तर हातानं बाजूला सारलं. चाकापासून काशव्वापर्यंत काही फार अंतर नव्हतं, पण त्यांना ते बरंच लागलं. रेवण तिथं येऊन पोचला होता. दोघंही तिच्यासमोर उभे राहिले, गुरू आणि शिष्य, दोघांचंही तोंड उतरलेलं. मला हसू आलं आणि रडूही आलं.

काशव्वा लुगड्याचा काठ हातात धरून बघत होती.

“किती?” अप्पांनी विचारलं.

तिनं काठ पुढं केला. हिरव्यावर काळे ठिपके. दोन-चार. तिळाएवढे.

“मी कमी ठेवायला बघितलं, काशव्वा,” रेवण म्हणाला. “पण ह्याच्याहून कमी केलं की चाक अडतं.”

काशव्वानं मोटारीकडं बघितलं. तो वाकडा पत्रा बघितला, ठेचलेल्या पट्ट्या बघितल्या.

“माना कुठं गेल्या, अय्या?”

“सरळ केल्या.”

“हं...”

मग तिची नजर खाली गेली. अप्पांच्या पायाकडं. अनवाणी होते ते. पट्टी काळी झाली होती आणि एका बाजूनं तांबडी.

देवळातली घंटा कुणीतरी वाजवली. गावात मोटार दिसली असावी.

या वेळी अप्पांनी हात जोडले नाहीत. काठी छातीशी धरून, हळू आवाजात म्हणाले,

“एवढं तू सोसशील, तर मी बसेन.”

काशव्वा त्यांच्याकडं बघत राहिली...

मग तिनं लुगड्याचा काठ सोडला. मोटारीपाशी गेली. माझ्या आधी तिनं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. अप्पा आले. बसले. पाय आत घेतला. तिनं दार लावलं, लागलं की नाही ते ओढून बघितलं आणि मोटारीच्या मागं जाऊन, मोटार निघाली तशी, कडेकडेनं गावाच्या दिशेनं चालू लागली.